फोनवरचे डॉक्टर आणि आपली भाषा
(महिला मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले की संतवाङ्मय, बालसंगोपन किंवा फार तर घरगुती औषधे असा विषय असायचा. या वर्षी चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो ‘दूरवैद्यक आणि दूरसंचार यांतील पारिभाषिक शब्द’. नाव ऐकताच दुसऱ्या रांगेतल्या दोघींनी विणकाम बाहेर काढले, ते मला येथून दिसले. खुशाल विणा. विणताना कान मोकळेच असतात, आणि मला आज कानांशीच काम आहे.

मी डॉक्टर नाही. मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते, १९७४ साली लागले. त्या वेळी परगावी बोलायचे तर आधी कॉल नोंदवावा लागे आणि मग वाट पाहावी लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे प्रकार असत. बोलणे तीन मिनिटांच्या हिशेबाने चाले आणि तीन मिनिटे झाली की आम्ही मधूनच तसे सांगत असू. लोकांचे बोलणे ऐकायचे नसते. परंतु लाइन नीट लागली की नाही हे पाहण्यापुरते कानी पडतेच. खेड्यातून शहरातल्या डॉक्टरांना लावलेले कॉल मी पुष्कळ जोडले. पहिले मिनिट ‘हॅलो, ऐकू येतंय का’ यात जाई. दुसऱ्या मिनिटाला डॉक्टर विचारीत, ‘काय होतंय?’ उत्तर येई, ‘बरं वाटत नाही.’ ‘म्हणजे काय होतंय?’ ‘कसंतरीच होतंय.’ तेवढ्यात तिसरे मिनिट संपे. तार शाबूत होती, पैसे भरलेले होते, डॉक्टर भले होते. परंतु रोग्याचे दुखणे काही त्या तारेतून पलीकडे जात नसे.

आज हातोहाती फोन झाले, डॉक्टरांचा चेहरासुद्धा दिसू लागला. तरी ते तीन मिनिटांचे संभाषण अजून तसेच चालू आहे, असे माझ्या पाहण्यात येते. म्हणून मी हा विषय घेतला.

आपण नेवाशाच्या बायका. पाहुणे आले की त्यांना आपण पैस खांबाला घेऊन जातो आणि सांगतो की, ज्ञानेश्वर महाराजांनी या खांबाला टेकून शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. आज मला त्यातल्या दोनच गोष्टी घ्यायच्या आहेत. पहिली अशी की, महाराजांनी अवघड शब्द टाकून दिले नाहीत. आत्मा, कर्म, योग हे शब्द तसेच ठेवले. मात्र प्रत्येकाशेजारी घरातला, शेतातला, नदीवरचा दाखला ठेवला. शब्द परका राहिला तरी अर्थ घरचा झाला. दुसरी गोष्ट अशी की, गीता हीच मुळी दुरून ऐकलेली हकिकत आहे. युद्ध कुरुक्षेत्रावर आणि धृतराष्ट्र वाड्यात. त्याला डोळे नाहीत, तेथे जाताही येत नाही. संजय जे आणि जसे सांगेल तेवढेच त्याला कळायचे.

फोनवरच्या डॉक्टरांचे तसेच आहे. ते नाडी धरू शकत नाहीत, पोट दाबून पाहू शकत नाहीत, जखमेचा वास त्यांना येत नाही. त्यांच्यापाशी ज्ञान आहे; परंतु रोग्याच्या अंगणात काय चालले आहे ते सांगणारा संजय आपल्यालाच व्हावे लागते.

आता शब्दांकडे वळू. ‘टेलि’ हा ग्रीक भाषेतला तुकडा आहे, त्याचा अर्थ दूर. ‘फोन’ म्हणजे ध्वनी, म्हणून टेलिफोनला दूरध्वनी हे नाव आले. टेलिग्राफला मात्र आपण साधे ‘तार’च म्हटले, कारण खांबाखांबावरून जाणारी तार डोळ्यांना दिसत होती. ती तारसेवा आपल्या देशात जुलै २०१३ मध्ये बंद झाली; तरी ‘तार आली’ म्हटल्यावर पोटात गोळा येणाऱ्या बायका अजून या सभेत असतील. टेलिमेडिसिन म्हणजे दुरून केलेले निदान आणि उपचार. त्याला दूरवैद्यक म्हणावे. टेलिहेल्थ हा शब्द त्याहून ऐसपैस आहे. त्यात आहाराचा सल्ला, मनाच्या दुखण्यावरचे समुपदेशन, आरोग्यसेविकांचे शिक्षण असे सगळे येते. टेलिकन्सल्टेशन म्हणजे त्या दोघांतली प्रत्यक्ष बोलण्याची बैठक. एवढे तीन शब्द वेगळे ओळखता आले की पुष्कळ झाले.

कोणी म्हणेल, हे इंग्रजी शब्द कशाला, सगळे शुद्ध मराठीच वापरावे. मला मराठीचा अभिमान कोणापेक्षा कमी नाही. परंतु तापाने फणफणलेल्या बाईला ‘दूरध्वनी संच ध्वनिरहित झाला आहे’ असे सांगून उपयोग नाही. ‘फोन म्यूट झालाय, ते माइकचं चित्र दाब’ हेच तिला कळते. आजारी माणसाला जो शब्द कळतो तो शुद्ध, असे माझे मत आहे.

डॉक्टर आणि रोगी यांच्यात अंतर ठेवण्याची कल्पना आजची नाही, आणि गंमत अशी की, त्या अंतराचा बाईच्या संकोचाशी जुना संबंध आहे. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लायनेक नावाच्या डॉक्टरांकडे एक तरुण बाई आली. तेव्हाच्या रीतीप्रमाणे छातीला कान लावून ठोके ऐकायचे, ते त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाला लावले. ठोके उलट अधिक स्पष्ट ऐकू आले. डॉक्टरांच्या गळ्यातला स्टेथोस्कोप निघाला तो त्या गुंडाळीतून. पुढे १९०५ साली हॉलंडमध्ये लायडन येथे आइन्थोव्हेन या शास्त्रज्ञाने रुग्णालयातल्या रोग्याच्या हृदयाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटर दूर आपल्या प्रयोगशाळेत उमटवला. आपण ज्याला ईसीजी म्हणतो तोच हा आलेख. म्हणजे दूरवैद्यक सव्वाशे वर्षांच्या घरात आले आहे; केवळ करोनाच्या टाळेबंदीत जन्मलेले नव्हे.

आपल्याकडे पाहिले तर १९७१ साली जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ आर्वी येथे उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र सुरू झाले. त्याला डॉ. विक्रम साराभाईंचे नाव दिले आहे. २००१ च्या सुमारास इस्रोने उपग्रहावरून दूरची रुग्णालये मोठ्या रुग्णालयांना जोडण्याचे प्रयोग आरंभले. केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये निघाली; मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाचे नियम प्रसिद्ध झाले, आणि एप्रिल २०२० मध्ये घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्याची ई-संजीवनीची दुसरी शाखा सुरू झाली.

या नावावरून हनुमंताची आठवण होते. त्याला संजीवनी आणायला पाठवले. परंतु नेमकी वनस्पती ओळखता येईना, म्हणून त्याने अख्खा डोंगर उचलला. आपणही तेच करतो. दवाखान्यात जाताना गोळ्यांची, जुन्या कागदांची, एक्सरेची सगळी पिशवी घेऊन जातो आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओततो. फोनवर तो डोंगर नेता येत नाही. नावानिशी सांगावे लागते: कोणती गोळी, किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, केव्हापासून. म्हणून कॉल लावण्यापूर्वी चष्मा शोधून ठेवावा आणि एका कागदावर हे लिहून घ्यावे. पाकिटावरचे नाव वाचता येत नसेल तर त्याचा फोटो काढून पाठवावा. फोटो आपल्या फोनमधून तिकडे चढवणे म्हणजे अपलोड, आणि तिकडची चिठ्ठी आपल्याकडे उतरवून घेणे म्हणजे डाउनलोड. ओझे माळ्यावर चढवणे आणि उतरवणे, इतके ते सोपे आहे. पुरळ उठले असेल तर त्याचा फोटो खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात घ्यावा. पिवळ्या दिव्याखाली सगळ्यांनाच कावीळ झालेली दिसते.

ई-संजीवनीच्या पहिल्या शाखेत आपण एकट्या नसतो. उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तेथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. ते आपल्याला तपासून दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतात. या रचनेला ‘हब अँड स्पोक’ म्हणतात. हा शब्द ऐकून घाबरायचे कारण नाही, बैलगाडीचे चाक डोळ्यांपुढे आणा. मधला तुंबा म्हणजे हब, तेथे डॉक्टर बसलेले. त्यातून निघालेले आरे म्हणजे स्पोक, आणि आपले उपकेंद्र हा एक आरा. आपल्या घरी स्मार्टफोन नसेल तर या आऱ्याने जावे. शिवाय रक्तदाब, साखर मोजायला तेथे माणूस असतो, हा मोठा फायदा.

आता तांत्रिक शब्द. पोरे बोलताना ते आपल्या डोक्यावरून जातात, परंतु आपल्या तालुक्यातल्या शेतकरी बायकांना तर ते चटकन समजावेत, कारण ते सगळे पाटपाण्याचे शब्द आहेत. मुळा उजव्या कालव्याला आवर्तन सुटले की काय होते? चारीची रुंदी जेवढी असेल तेवढेच पाणी एका वेळी वाहणार. ही रुंदी म्हणजे बँडविड्थ. सगळ्यांनी एकदम दारे धरली की प्रत्येकाला धार बारीक मिळते. संध्याकाळी घरोघर लोक सिनेमे पाहत बसले की आपला व्हिडिओ अडकतो तो तसाच. मग सकाळी किंवा दुपारी कॉल करावा. मोटारीचे पाणी थेट रोपाला न देता आधी हौदात साठवतो, मग सोडतो. चित्र थांबून ते चाक गरगर फिरते तेव्हा तेच चाललेले असते, त्याला बफरिंग म्हणतात. आणि हेडला सोडलेले पाणी टेलपर्यंत यायला वेळ लागतो, त्याला या विद्येत लेटन्सी म्हणतात. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. आवाज तेथे जाऊन खाली यायला जवळजवळ पाव सेकंद लागतो. एरवी पाव सेकंद म्हणजे काहीच नाही, परंतु बोलण्यात तेवढ्याने गोंधळ होतो. आपण बोलतो, डॉक्टरांचा आवाज त्यावर आदळतो, दोघेही थांबतात, पुन्हा दोघेही एकदम सुरू करतात. मोबाइलचे टॉवर आणि जमिनीतली फायबरची वायर यांतून जाणाऱ्या कॉलला इतका उशीर होत नाही. तरी मधल्या यंत्रांतून जाताना थोडा होतोच. आम्हा ऑपरेटरांची जुनी शिस्त येथे उपयोगी पडते: एक वाक्य बोलावे, थांबावे, उत्तर ऐकावे, मग पुढचे.

चित्र अडकू लागले तर व्हिडिओ बंद करून नुसत्या आवाजावर बोलता येते. आवाजाला चारी अरुंद असली तरी चालते. डॉक्टरांनी तसे सुचवले तर त्यांनी आपल्याला टाळले असे समजू नये. मात्र पुरळ, सूज, लहान मुलाची धाप अशा गोष्टी चित्राशिवाय कळत नाहीत, हे आपण होऊन सांगावे. काही औषधे पहिल्याच भेटीत द्यायची तर डॉक्टरांनी रोग्याला व्हिडिओवर पाहिलेले असले पाहिजे, असाही नियम आहे. आणि नशा आणणारी, सवय लावणारी काही औषधे फोनवरून लिहून देण्यास मुळीच परवानगी नाही. तेव्हा ‘मागच्याला दिली, मला का नाही’ म्हणून डॉक्टरांशी भांडू नये.

ओटीपी या शब्दाने आपल्यातल्या कित्येकींची झोप उडवली आहे. तो एकदाच चालणारा किल्लीचा आकडा असतो. घराचे दार आपण आपल्या हाताने उघडतो तेव्हा किल्ली वापरावीच लागते. म्हणजे सेवेत शिरताना आपल्याच फोनवर आपणच तो आकडा भरायचा. परंतु कोणी फोन करून ‘मी दवाखान्यातून बोलतोय, तुमचा ओटीपी सांगा’ म्हणाला, तर तो किल्ली मागणारा परका आहे. त्याला उत्तर न देता फोन ठेवावा. त्यात कसला उद्धटपणा नाही.

आता मी ज्या मुद्द्यासाठी येथे उभी राहिले तो मुद्दा. भगिनींनो, यंत्राचे शब्द शिकणे सोपे आहे, पोरे दोन दिवसांत शिकवतील. आपल्या दुखण्याचे शब्द मात्र आपल्यालाच सांगावे लागतात, आणि ते आपल्यापाशी भरपूर आहेत. ‘चक्कर येते’ असे आपण म्हणतो. परंतु खोली भोवती फिरल्यासारखी वाटते ते गरगरणे. उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती भोवळ. आणि डोके ठीक असून चालताना पाय भलतीकडे पडतो ते तोल जाणे. इंग्रजीत या तिन्हींना सरसकट एकच शब्द वापरतात आणि मग डॉक्टरांना चार प्रश्न विचारावे लागतात. गरगरण्याचे मूळ पुष्कळदा कानात असते, भोवळीचे रक्तदाबात किंवा अशक्तपणात, तोल जाण्याचे आणखी कोठे. आपण नेमका शब्द वापरला तर अर्धे काम तेथेच झाले. पोटाचेही तसेच. मुरडा वेगळा, कळ वेगळी, जळजळ वेगळी, नुसते जड वाटणे वेगळे. गळू ठसठसते, दात ठणकतो, पाठीत चमक भरते, पायाला मुंग्या येतात. कोठे, केव्हापासून, कशाने वाढते, कशाने कमी होते, एवढे त्याला जोडले की झाले. आजीच्या तोंडचे हे शब्द सुनांनी ‘गावंढळ’ म्हणून टाकू नयेत. फोनवर डॉक्टरांना आपल्या अंगाला हात लावता येत नाही, त्या हाताचे काम हे शब्द करतात.

काही शब्द मात्र दूरच्या डॉक्टरांना कळत नाहीत, आणि ते नेमके बायकांच्या दुखण्याचे आहेत. ‘अडचण आहे’, ‘बाहेरची आहे’, ‘कावळा शिवला’ ही आपली पांघरूण घातलेली भाषा. एखादी तरुण डॉक्टरीण दुसऱ्या प्रांतात वाढलेली असली तर ‘कावळा शिवला’ म्हटल्यावर ती चोच कोठे लागली म्हणून विचारील! (हसण्यावारी नेऊ नका.) ‘पाळी’ हा स्वच्छ शब्द आहे, तो वापरावा. ‘अंगावरून जाते’ म्हटले तर पांढरे की लाल, किती, वास आहे का, हे सांगावे. डॉक्टर ‘एल.एम.पी.’ विचारतात म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. पुष्कळ जणी पाळी संपल्याची तारीख सांगतात आणि बाळंतपणाचा हिशेब तेवढ्या दिवसांनी चुकतो.

आणि फोन धरतो कोण? घरोघर फोन मुलाच्या नाहीतर यजमानांच्या हातात असतो. त्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु तेच बोलतात, तेच उत्तर देतात, आणि जिचे दुखणे ती पदर सावरून मागे बसलेली असते. आपल्या आळीतल्या एका बाईंची हकिकत त्यांच्या परवानगीने सांगते. पाळी जाऊन सहा वर्षे झाली होती. मुलाने फोन लावून दिला आणि शेजारी बसला. डॉक्टरांनी विचारले, काय होते? या म्हणाल्या, कंबर दुखते. कंबर खरोखरच दुखत होती, त्यात खोटे काही नव्हते. कंबरेची गोळी मिळाली. त्यांना लाल डाग दिसत होता, तो मात्र मुलादेखत कसा सांगायचा? पुढे दहाबारा दिवसांनी सुनेच्या लक्षात आले. तिने दार लावून घेतले, स्वतः फोन धरला आणि सासूबाईंना म्हणाली, ‘आई, आता मीही बाहेर जाते, तुम्ही बोला.’ पाळी गेल्यानंतर लाल डाग म्हटल्यावर डॉक्टरांनी त्यांना तत्काळ प्रत्यक्ष तपासणीला जायला सांगितले. नगरला, आता ज्याला अहिल्यानगर म्हणतो तेथे, तपासणी झाली. गर्भाशयाच्या अस्तराचा आजार निघाला, तो लवकर सापडला, शस्त्रक्रिया झाली. त्या बाई आज या सभेत आहेत. कोणत्या ते विचारू नका. हळदीकुंकवाला तुमच्याशेजारीच बसतील.

पाळी गेल्यानंतर एक थेंब लाल दिसला तरी तो सांगायचा, हे लक्षात असू द्या.

नियमांत संमती हा शब्द आहे. आपण होऊन डॉक्टरांना कॉल केला तर आपली संमती आहे असे धरले जाते. आरोग्यसेविकेने किंवा डॉक्टरांनी आपल्याला कॉल केला तर ती आपल्याला विचारून घ्यावी लागते. बोलणे मध्येच थांबवण्याचा अधिकारही आपल्याला आहे. मला या शब्दात आणखी एक अर्थ दिसतो. ‘डॉक्टर, मला दोन मिनिटे एकटीने बोलायचे आहे’ असे म्हणायला कोणाचीच संमती लागत नाही. बाई डॉक्टर हवी असे वाटले तर तेही विचारावे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या त्या याच कारणासाठी की, या देशात बायकांना बायका डॉक्टर मिळाव्यात. १८८६ साली त्या पदवी घेऊन उत्तीर्ण झाल्या. इतक्या लांबचा प्रवास त्यांनी केला. आपल्याला घरातले दार लावून घ्यायचे आहे, एवढेच.

डॉक्टरांकडून आपल्याकडे येणाऱ्या शब्दांबद्दल थोडक्यात सांगते. ‘रिपोर्ट निगेटिव्ह आला’ हे ऐकून रडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. जो रोग शोधला तो सापडला नाही असा त्याचा अर्थ, म्हणजे बहुधा सुटकाच. ‘रेफर करतो’ म्हणजे अधिक तपासणीसाठी दुसरीकडे पाठवतो. झटकून टाकणे नव्हे. ‘फॉलो-अप’ म्हणजे पुन्हा बोलण्याची ठरलेली वेळ, आणि बरे वाटले तरी ती चुकवू नये. चिठ्ठीवर १-०-१ असे आकडे असतात: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ‘एस.ओ.एस.’ लिहिले असेल तर ती गोळी गरज पडली तरच घ्यायची, रोज नव्हे. डॉक्टर बोटाला चिमटा लावून ‘एस.पी.ओ.टू किती?’ विचारतील. तो रक्तातल्या प्राणवायूचा आकडा, साधारणपणे ९५ ते १००. चिमटा लावण्यापूर्वी नखाचा रंग पुसावा. त्या बोटावर मेंदी गडद असेल तर दुसरे बोट द्यावे, नाहीतर आकडा चुकू शकतो. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटे स्वस्थ बसावे; स्वयंपाकघरातून धावत येऊन हात पुढे करू नये.

शेवटी ऐकून शब्द नीट कळला की नाही, यासाठी आमच्या खात्यात एक पद्धत होती. ऑपरेटर नंबर परत म्हणून दाखवी. तसेच करावे. ‘डॉक्टर, मी सांगते ते बरोबर का पाहा. ही पांढरी गोळी जेवणानंतर, सकाळ-रात्र, पाच दिवस.’ डॉक्टर रागावत नाहीत. रागावले तरी गोळी बरोबर घेतली जाते.

आणि काही दुखण्यांना फोनवरचे डॉक्टर नव्हेत, रुग्णवाहिका लागते. छाती आवळल्यासारखी होऊन घाम सुटणे, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जाणे, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, गरोदरपणात रक्त जाणे किंवा झटके येणे, मूल निपचित पडणे, साप चावणे. अशा वेळी १०८. ही सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. बायकांच्या हृदयविकारात छातीत कळ न येता नुसती धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा असेही होते, ते उपासाच्या नावावर खपवू नये. १०८ ला बोलताना आधी गाव, मग वस्तीची खूण सांगावी: कोणत्या रस्त्याने, कोणत्या देवळापासून, कोणत्या चारीपाशी. ‘आमच्या घरी या’ म्हणून रुग्णवाहिका येत नाही. आपल्या ऊसतोडणीच्या बायका परमुलखात जातात, त्यांनी तर थळाजवळच्या गावाचे नाव पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक आहे; तो १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाला, फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. झोप लागत नाही, रडू आवरत नाही, जीव नकोसा वाटतो, यांना पारिभाषिक शब्द शोधण्याची जरुरी नाही. असेच म्हणावे.

मी ट्रंकच्या काळातली असल्यामुळे तीन मिनिटांची सवय, आज मात्र पुष्कळ वेळ घेतला. चहा तयार असल्याची खूण चिटणीसबाई मघापासून करीत आहेत. चहानंतर ज्यांना स्वतःचा फोन हाताळून पाहायचा असेल त्यांनी या खिडकीपाशी बसावे. दोघी दोघी जोडीने बसू: एकीने डॉक्टर व्हायचे आणि दुसरीने आपले दुखणे सांगायचे, ‘बरं वाटत नाही’ हे तीन शब्द न वापरता. पुरुष मंडळींनी तेवढा वेळ बाहेर सतरंज्या आवराव्यात, ही विनंती.